साथीचा आजार की कामाचा अपघात?

(यवतमाळ जिल्ह्यातील कष्टकरी स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



"साथ होती, सगळ्यांनाच झाली. त्यात मालकाचा काय दोष?" करोनात ज्यांच्या घरचं कमावतं माणूस गेलं, त्या बायकांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! ठेकेदार हेच म्हणतो, ऑफिसातले साहेब हेच म्हणतात, सासरचेही हेच म्हणतात. शेवटी ती बाईसुद्धा म्हणायला लागते, जाऊ द्या, नशिबात होतं.

आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे. हे वाक्य ऐकायला खरं वाटतं, पण कायद्यात ते पुरेसं उत्तर नाही. कामावर अंगाला जडलेला आजार हा कामावरचा अपघातच आहे, असं मानायची सोय आपल्या कायद्यात फार जुनी आहे. ती आपल्यापर्यंत पोचत नाही याचं कारण वेगळं आहे. त्यासाठी आधी ‘कामगार’ म्हणून मान्यता मिळावी लागते, आणि बाईच्या कामाला ती मान्यता द्यायला कोणी तयार नसतं.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजांच्या राज्यात, १९२३ साली, कामगार भरपाई कायदा झाला. २०१० मध्ये त्याचं नाव बदलून कर्मचारी भरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. मुख्य चौकट तीच राहिली. करोनाचे बहुतेक मृत्यू २०२० ते २०२२ मधले, म्हणजे जुन्या कायद्याच्या काळातले. म्हणून मी त्याच कायद्याबद्दल सांगते.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या कायद्यात मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. त्याने काळजी घेतली की हयगय केली, हा प्रश्नच नाही. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढं पुरे. म्हणजे "मालकाचा काय दोष?" या प्रश्नाला कायद्याचं उत्तर असं की दोष नसेल, तरी जबाबदारी आहे. ज्याच्या कामातून नफा तुम्ही घेता, त्याच्या कामातली जोखीमही तुम्हीच उचला.

दुसरी गोष्ट आजाराची. या कायद्याला एक परिशिष्ट आहे, व्यवसायजन्य आजारांचं. त्याच्या ‘अ’ भागात पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची आहे. ज्या कामात संसर्गाचा खास धोका आहे, त्या कामात जडलेला संसर्गजन्य आजार. आरोग्याचं काम, प्रयोगशाळेचं काम, जनावरांचं काम, आणि शिवाय खास धोका असलेलं इतर कोणतंही काम. अशा कामात आजार जडला तर तो अपघाती इजा मानला जातो. तो कामामुळेच जडला असंही धरून चाललं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. उलट सिद्ध करायचं कोणी? मालकाने. विधवेने नाही.

बायांनो, हे नीट समजून घ्या. विषाणू डोळ्याला दिसत नाही. तो वॉर्डात चिकटला की बाजारात, हे जगातला कुठला डॉक्टर छातीठोक सांगू शकेल? पुराव्याचं ओझं बाईच्या डोक्यावर ठेवलं तर ती कधीच जिंकणार नाही. म्हणून कायद्याने अशा कामांपुरतं ते ओझं मालकाच्या डोक्यावर दिलं आहे. साथ सगळ्यांना होती हे खरं. पण सगळे काही पॉझिटिव्ह पेशंटच्या चादरी बदलत नव्हते. गावाचा धोका आणि वॉर्डातल्या बाईचा धोका सारखा नव्हता. हा फरक दाखवणं हाच आपल्या दाव्याचा गाभा.

हिशेब किती होतो?

मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. समजा, दवाखान्यात ठेकेदाराकडे सफाई करणारी ३५ वर्षांची बाई आहे, पगार १०,००० रुपये. निम्मे झाले ५,०००. ३५ वयाचा आकडा १९७.०६. गुणाकार येतो ९ लाख ८५ हजार ३०० रुपये. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आता तुम्हीच सांगा. अशा मृत्यूनंतर घरच्यांच्या हातात पाच-दहा हजार ठेवून कागदावर अंगठा घेतला जातो, तो कशासाठी? हे आकडे माहीत नसतात म्हणूनच ना? पण हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यात रद्दबातल आहे. आणखी एक. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरी नेऊन द्यायचीच नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची आणि त्यांनी वारसांना वाटायची. परस्पर दिलेले पैसे, थोडीशी उचल सोडली तर, भरपाईत धरले जात नाहीत. ही तरतूद बाईसाठी फार मोलाची आहे. दिराने, सासऱ्याने, गावच्या पुढाऱ्याने मध्येच ‘तडजोड’ करून पैसे घेतले, तरी विधवेचा हक्क बुडत नाही. विधवा, लहान मुलगे, लग्न न झालेल्या मुली आणि विधवा आई हे पहिल्या रांगेतले वारस आहेत.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं पुण्या-मुंबईला, गुजरातेत, तेलंगणात पोटासाठी जातात. नवरा तिकडे वारला तर दावा तिकडेच लावायचा असं नाही. बाई राहते तिथल्या आयुक्तांकडेही तो लावता येतो. ठेकेदार पळून गेला तर ज्याच्यासाठी ते काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडून मागता येतं. कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं कार्ड असेल तर मात्र हा रस्ता बंद होतो आणि विम्याचा रस्ता उघडतो. करोनासाठी ईएसआयने २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांची खास योजना केली होती. अटीत बसणाऱ्या मृत विमाधारकाच्या वारसांना सरासरी पगाराच्या ९० टक्के पेन्शन. म्हणून आधी पगाराची चिठ्ठी शोधा, ईएसआयची कपात होत होती का ते पाहा.

एकाच तालुक्यातले दोन मृत्यू

आता वणी तालुक्याकडे या. तिथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. २०२० मध्ये कोळसा मंत्र्यांनी जाहीर केलं की कोल इंडियाच्या कामगाराचा करोनाने मृत्यू झाला तर तो कामावरचा अपघाती मृत्यू मानला जाईल आणि वारसांना १५ लाख रुपये सानुग्रह मिळतील. ठेक्यावरचे कामगारही त्यात धरले. विषाणू खाणीत चिकटला की घरी, हे विधवेला विचारायची गरज उरली नाही. हे योग्यच झालं. आपल्याला त्याचा आनंदच आहे.

पण त्याच खाणीपासून चार-पाच कोसांवर, त्याच साथीत, कापूस वेचणारी बाई वारली तर? धुणी-भांडी करणारी वारली तर? तिच्या मृत्यूला ‘अपघात’ म्हणणारं कोणी नव्हतं. सुप्रीम कोर्टाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर प्रत्येक करोना मृत्यूमागे ५०,००० रुपये मिळाले, तेवढेच. तेही सरकार आपणहून देत नव्हतं, कोर्टात जावं लागलं. आणि ती नागरिक म्हणून मिळालेली मदत होती. कामगार म्हणून तिला काहीच मिळालं नाही.

विषाणू तर एकच होता. मग फरक कशाचा? खाणकामगाराला हजेरीपट आहे, पगाराची चिठ्ठी आहे, युनियन आहे. सरकारला त्याच्याकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही. कायद्याला आणखी एक परिशिष्ट आहे, कोणकोणत्या कामातली माणसं ‘कर्मचारी’ ते सांगणारं. खाण, कारखाना, बांधकाम, मोटार चालवणं अशी ती यादी. शेतीत ट्रॅक्टरवर किंवा यंत्रावर, विजेवर चालणाऱ्या साधनांनी काम करणारा माणूस त्यात बसतो. ओटीत कापूस भरणारी बाई बसत नाही. समोरचा वकील आधी याच यादीवर बोट ठेवतो. म्हणून आपलं काम यादीतल्या कोणत्या नोंदीत बसतं ते आपल्या अर्जात पहिल्यांदा लिहिलं पाहिजे.

यवतमाळला हा धडा नवा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली. इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. आपल्या एका जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली. त्यांतले बरेच जण दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे होते. तेव्हाही तेच झालं. सरकारने मदत जाहीर केली, चौकशी पथक नेमलं, आणि दोष दिला फवारणाऱ्यालाच. तोंडाला फडकं का नाही बांधलं, हातमोजे का नाही घातले! कामगार म्हणून त्याचा हक्क काय, हे कोणी विचारलं नाही. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी स्वित्झर्लंडमध्ये बाझलपर्यंत दाद मागायला गेले, तेव्हा कुठे जगाला यवतमाळ दिसलं. बॅटरीवरचा पंप हे ‘विजेवर चालणारं साधन’ नाही का, हा प्रश्न आपल्या वकील मैत्रिणींनी इथल्या कोर्टात लढवायला हवा असं मला वाटतं.

‘स्वयंसेविका’ नावाचं कुलूप

आता आपल्या आशाताईंकडे येऊ. आज इथे अर्ध्याअधिक त्याच बसल्या आहेत.

मार्च २०२० मध्ये सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या वेळचा कायदा. त्यात हुकूम द्यायचे अधिकार भरपूर आहेत, पण हुकूम पाळणारीला कामावर आजार जडला तर तिच्या भरपाईचं काय, याबद्दल काही नाही. घरोघर जा, ताप मोजा, बाहेरगावाहून आलेल्यांची यादी करा, हे सगळं आशांनी केलं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं, पुन्हा घरोघर. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट अमरावती-अकोला-यवतमाळकडे आधी पोचली, पुन्हा घरोघर. या जादा कामाचे केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे मानधनात थोडी वाढ झाली.

विमा होता. प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमधून ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा मिळाला, त्यात आशाही होत्या. राज्य सरकारनेही २९ मे २०२० च्या निर्णयाने करोनाच्या कामावर मृत्यू आला तर ५० लाखांचं सानुग्रह ठेवलं. कंत्राटी आणि मानधनावरच्यांनाही ते लागू केलं. पण अटी पाहा. दवाखान्यात दाखल होण्याआधीच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत कामावर हजर असल्याचा पुरावा हवा. हजेरीपट नसलेल्या बाईने हजेरी कुठून आणायची? तिला तर फोनवर सांगितलं होतं, "ताई, उद्या त्या वस्तीत जाऊन या."

भरपाईच्या कायद्याकडे जावं तर तिथे कुलूपच. आशा ही ‘स्वयंसेविका’, तिला पगार नाही, मोबदला मिळतो. म्हणून ती कर्मचारी नाही, म्हणून भरपाई नाही.

मी विचारते, स्वयंसेविकेला निलंबित करता येतं का? ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ बाळांना सॅनिटायझर पाजलं गेलं. फार गंभीर चूक, तिचं समर्थन कोणी करणार नाही. मुलं सुदैवाने वाचली. त्यानंतर निलंबनाची कारवाई जाहीर झाली, आणि त्यात आशा कार्यकर्तीही होती. म्हणजे शिक्षा द्यायची वेळ आली की ती कर्मचारी असते, आणि भरपाई द्यायची वेळ आली की सेवाभावी! हा दुटप्पीपणा आपण प्रत्येक अर्जात मांडला पाहिजे.

कोर्टांनी हे कुलूप थोडं हलवलंही आहे. २५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या खटल्यात सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे आणि त्यांचं ‘मानधन’ हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. तो निकाल भरपाईचा नाही, आशांचाही नाही. पण नावाने ‘मानद’ म्हटलं म्हणून बाईचं काम काम राहत नाही, हे म्हणणं तिथे टिकलं नाही, हे आपल्या उपयोगाचं आहे.

दुसरा निकाल ११ डिसेंबर २०२५ चा. नवी मुंबईत एका खाजगी डॉक्टरांना महापालिकेने नोटीस दिली होती, दवाखाना उघडा ठेवा नाही तर कारवाई करू. ते करोनाने वारले. पत्नीने ५० लाखांचा विमा मागितला तर उत्तर आलं, सरकारने त्यांची सेवा मागून घेतलीच नव्हती. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टातही ती हरली. सुप्रीम कोर्टाने मात्र म्हटलं की साथीच्या काळातले ते कायदे आणि हुकूम पाहता डॉक्टरांची सेवा मागून घेतली होती, प्रत्येकाच्या नावाने वेगळं पत्र शोधत बसायची गरज नाही. पण पुढचं वाक्यही ऐका. करोनाचं काम करतानाच मृत्यू आला, हे प्रत्येक दाव्यात दावेदारानेच दाखवायचं आहे. म्हणजे दार उघडलं, पण कागद हातात घेऊनच आत जायचं आहे.

डॉक्टरांच्या पत्नीलाही पाच वर्षांहून जास्त लढावं लागलं. मग कळंब, झरी, मारेगावच्या पाड्या-पोडांवरच्या बाईने एकटीने काय करायचं? म्हणून तर संघटना.

आपण काय करायचं?

एक. आजपासून कामाची वही ठेवा. तारीख, गाव, कोणी पाठवलं, किती घरं. साहेबांचा तोंडी हुकूम आला की फोनवर परत लिहून पाठवा, "सांगितल्याप्रमाणे आज अमुक वस्तीत जाते." तुमच्याच हातून हजेरी तयार होते. शेतमजूर बायांनीही हे करावं, कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी, एवढं तरी.

दोन. दवाखान्यात केस पेपरवर ‘काय काम करते’ ते लिहून घ्या. आपल्या नावापुढे सर्रास ‘गृहिणी’ लिहितात. तो एक शब्द पुढे लाखो रुपयांचा दावा बुडवू शकतो. सफाई कामगार असाल तर सफाई कामगारच लिहायला लावा.

तीन. मृत्यूचं कारण कागदावर नीट लिहिलंय का ते वेळीच पाहा. करोनाच्या बाबतीत तपासणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, मदतीसाठी धरायचा असं ठरलं होतं, आणि तक्रारीसाठी जिल्हा समिती होती. उद्या दुसरी साथ आली तर अशी समिती पहिल्या महिन्यातच मागायची.

चार. मुदत सांभाळा. भरपाईचा दावा जुन्या कायद्यात दोन वर्षांत लावायचा होता. २०२०-२१ च्या मृत्यूंची मुदत केव्हाच गेली. तरी सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे. बाळंतपण, आजारपण, चुकीची माहिती देऊन परत पाठवलं, जे खरं असेल ते लिहून द्या. प्रत्येक दावा टिकेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण न लावलेला दावा नक्कीच हरतो.

पाच. मागण्या. आशा आणि गटप्रवर्तकांना भरपाईच्या तरतुदींत कर्मचारी म्हणून धरा. शेतमजूर आणि घरकामगार स्त्रियांना त्या यादीत घाला. आणि साथ जाहीर झाली की धोक्याच्या कामावर पाठवलेल्या प्रत्येकीला त्याच दिवशी लेखी हुकूम द्या. वणीच्या खाणकामगाराला जे एका घोषणेने मिळालं, ते आपल्याला मिळू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

शिबिरानंतर प्रत्येक तालुक्याच्या दोघींनी थांबायचं आहे. आपल्या भागात २०२० ते २०२२ मध्ये कामावर असताना कोण कोण गेलं, काम काय होतं, कागद कोणते आहेत आणि पैसे काय मिळाले, अशी चार रकान्यांची यादी करायची आहे. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. तिच्यातून कोणते दावे लावता येतील ते वकील मैत्रिणींसोबत बसून ठरवू.